साखरेची शपथ

धोंड्याच्या महिन्यात जावई सासुरवाडीला रिकाम्या हातानं जातो आणि अनारशांचे डबे घेऊन परततो. मी मात्र नाशिकहून निघतानाच लादलेल्या बैलासारखा दिसत होतो. एका पिशवीत बर्फाची पेटी आणि तिच्यात साय, लोणी, पनीर. दुसऱ्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा, बोटाला टोचून रक्तातली साखर मोजायचं यंत्र, लघवी तपासायच्या पट्ट्या आणि प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलेलं डॉक्टरांचं पत्र. कपड्यांना फारशी जागा उरली नाही. आठ दिवस मी दोनच सदऱ्यांत काढले आणि त्यावरून बीबीत, म्हणजे सासुरवाडीच्या गावी, जावयाच्या परिस्थितीबद्दल थोडी कुजबुज झाली, असं मागाहून कळलं.

हा सगळा बारदाना माझ्या मुलीसाठी होता. रेवती सात वर्षांची आहे. ती दोन वर्षांची असताना तिला सकाळी झटके यायला लागले. उठल्या उठल्या डोळे एका बाजूला फिरायचे, अंग ताठ व्हायचं. झटका नसेल त्या दिवशीही उपाशीपोटी ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात चालायची आणि खाल्लं की सावरायची. दोन वर्षं आम्ही दवाखाने पालथे घातले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. रक्तात साखर हवी तेवढी होती, त्या पाण्यात मात्र जेमतेम. रक्तातली साखर मेंदूत जायचं जे दार असतं, ते माझ्या मुलीच्या बाबतीत जन्मापासून अर्धवटच उघडतं, असं त्यांनी सांगितलं. मेंदू हा सगळ्यात खादाड अवयव आणि त्याच्याकडे साठवणीची कोठी नाही. त्याला क्षणाक्षणाला ताजं इंधन लागतं, आणि रेवतीचा मेंदू भरल्या घरात उपाशी बसलेला होता.

उपाय ऐकून आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो होतो. साखर, गूळ, भात, पोळी, फळं जवळपास बंद. त्याऐवजी लोणी, साय, तेल, तेही ग्रॅमवर मोजून. साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळतं आणि यकृत त्यातून दुसरंच एक इंधन तयार करतं. ते मेंदूत वेगळ्या दारानं जातं आणि ते दार रेवतीचं शाबूत आहे. तीन आठवड्यांत झटके थांबले. चार महिन्यांत ती जिना चढायला लागली.

दीड वर्षापूर्वी माझ्या भाच्याच्या वाढदिवसाला ती केकसाठी रडली. मला ते बघवलं नाही. मी कोपऱ्यात नेऊन तिला दोन घास भरवले आणि कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झटका आला, अकरा मिनिटांचा. त्या अकरा मिनिटांनंतर मी साखरेला जेवढा घाबरतो तेवढा सापालाही घाबरत नाही. आणि अशा माणसाला धोंड्याचं आमंत्रण आलं, जिथे दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्यात लेक-जावयाला पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. माझी बायको वैशाली कॉलेजात शिकवते. तिचे पेपर तपासून व्हायचे होते, म्हणून ती पाच दिवसांनी येणार होती. तोवर काटा माझ्या हातात.

मलकापूर

गाडीत जेवण मोजता येत नाही, डब्याच्या हलण्यानं काटा स्थिर राहत नाही. म्हणून वैशालीनं घरूनच डबे मोजून, वर वेळा लिहून दिले होते. भुसावळ गेल्यावर मी अकराचा डबा उघडला. पनीरवर लोण्याचा थर आणि सोबत काकडीच्या चार चकत्या. समोरच्या बाकावर मलकापूरचे एक कापसाचे व्यापारी बसले होते. त्यांनी मायेनं पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढली आणि रेवतीपुढे धरली.  मी काही बोलायच्या आत रेवतीच म्हणाली, "मला चालत नाही आजोबा, माझ्या डोक्याला लोणी लागतं." व्यापाऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लोणी कोणाच्या डोक्याला लागतंय याची त्यांना शंका असावी. मग मी सगळं समजावलं. ते मलकापूरला उतरेपर्यंत ऐकत होते आणि उतरताना ती वडी त्यांनी स्वतःही खाल्ली नाही, खिशात घातली.

मलकापूरच्या फलाटावर दार उघडताच भट्टीचं झाकण काढल्यासारखी हवा आत आली. नाशिकला आम्ही अडतिसाला हाय खातो. इथे लोक उपरणं डोक्याला गुंडाळून त्या उन्हात चहा पीत होते. मी बर्फाची पेटी चाचपून पाहिली. अर्धं पाणी झालं होतं. तिथून पुढे माझं लक्ष खिडकीबाहेर लागलं नाही.

शेगाव

मंदिरात आधी माथा टेकवून मगच बीबीला जायचं, हा वैशालीचा हुकूम होता. आम्ही रात्रीपुरती एका लॉजवर खोली घेतली. मालकाला मी विचारलं, सायीचा डबा फ्रीजमध्ये ठेवाल का. त्यानं काऊन, कशाले असं काही न विचारता पाण्याच्या बाटल्या बाहेर काढून जागा केली. वर डब्यावर कागद चिकटवला, 'हात लावू नये, लेकराचं औषध.' आमच्याकडच्या लॉजात एवढं होण्यासाठी तीन जणांची परवानगी लागली असती.

दर्शनाची रांग शिस्तीत सरकत होती. मला मात्र रांगेतल्या प्रत्येक मुठीत काय आहे याचीच धास्ती. आणि व्हायचं ते झालंच. मागच्या एका म्हाताऱ्या बाईंनी रेवतीच्या तळहातावर खडीसाखरेचे चार खडे ठेवले आणि तिच्या गालावरून हात फिरवला. रेवतीनं मूठ मिटली, वर माझ्याकडे पाहिलं आणि ती मूठ माझ्या हातात रिकामी केली. मी खडे तोंडात टाकले आणि तिचा हात बाटलीतल्या पाण्यानं दोनदा धुतला. बाईंचा चेहरा उतरला. प्रसाद धुतलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मला लाज वाटली, तरी तिसऱ्यांदा धुवावा का असं मनात येतच होतं.

महाप्रसादाच्या पंगतीत मी दोघांचं ताट संपवलं. तिनं डब्यातली साय खाल्ली. बाहेर कचोरीच्या गाड्यांपाशी ती उभी राहून वास घेत होती. तो एक वास तिला मोकळेपणानं देता येतो, म्हणून मी दहा मिनिटं तिथेच थांबलो.

बीबी

शेगावहून खामगाव, खामगावहून मेहकर आणि तिथून बीबी, असा एसटीचा प्रवास. खामगाव सुटल्यावर रस्ता हळूहळू वर चढतो. नांगरून ठेवलेली काळी रानं, मधूनच एखादं निंबाचं झाड आणि त्याखाली दाटीवाटीनं उभी गुरं. मेहकरच्या गाडीत कंडक्टरनं पिशवीतून डोकावणारा काटा पाहिला आणि सोन्याचा भाव विचारला. मी म्हटलं, सोनं नाही, लोणी मोजतो. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि उतरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

माझे सासरे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गाव त्यांना सर म्हणतं. सासूबाईंना मी आई म्हणतो. घरात पाऊल ठेवलं तेव्हा उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी द्यायची इथली रीत मला आठवली आणि मी रेवतीचा हात घट्ट धरला. पण आईंनी तांब्याभर साधं पाणी पुढे केलं आणि मिठाची चिमूट. चहा आला तोही बिनसाखरेचा. सासरे तो एरंडेल प्यावं तसे पीत होते.

संध्याकाळी उलगडा झाला. नात येणार म्हणून आईंनी घरातली साखर, गूळ, मुरंबा, गुळांबा, देवघरातली खडीसाखरेची डबीसुद्धा गावातल्या भावाकडे पोचवली होती. स्वतः अधिक महिनाभर गोड न खाण्याचा नेम धरला होता. धोंडे करायचे ते तिखट करायचे, तुरीच्या डाळीचं सारण भरून, असं त्यांनी ठरवलं होतं. जावयाला तिखट धोंडे हे गावात कोणी ऐकलेलं नव्हतं आणि त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा झाली होती. एवढ्यावर त्या थांबल्या नव्हत्या. गल्लीतल्या बारा घरांत आणि कोपऱ्यावरच्या बबनभाऊंच्या किराणा दुकानात जाऊन त्यांनी प्रत्येकाला शपथ घातली होती. माया नातीच्या तोंडात कोणी गोड घालीन, तं माया गळ्याची शप्पत.

आमच्याकडे असल्या शपथा शाळकरी मुलं घालतात आणि मधल्या सुट्टीत 'सुटली' म्हणून मोकळी होतात. इथे मिशीवाले बाप्ये ती पाळत होते. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, तोवर ती गळ्याला, असा कायदा. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर दीड वर्षात पहिल्यांदा मोकळा श्वासही आला.

सासरे ओट्यावर जमलेल्या शेजाऱ्यांना रेवतीचा आजार समजावून सांगायचे. रक्त आणि मेंदू हे शब्द ते वापरतच नसत. "लाईन हाय," ते म्हणत, "खांबापर्यंत फुल लाईन हाय. पण डीपीच्या पेटीतून घरात येऊन नाई राह्यली. मंग आपुन काय केलं? मागच्या दारी जनरेटर बसोला, लोण्याचा." ज्यांच्या विहिरीवरच्या मोटारी रात्रभर थ्री फेजची वाट बघतात, त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळलं. एकानं विचारलं की जनरेटर जास्त तापला तर काय होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तसं काही होत नाही. हे उत्तर मी कुठून काढलं, देव जाणे. पत्राचं पहिलं पान मला पाठ होतं. मागच्या पानावर दुखण्यात काय करायचं ते लिहिलेलं आहे एवढं माहीत होतं, पण तीन वर्षांत तशी वेळ आली नाही आणि मी ते पान कधी नीट वाचलं नव्हतं.

लोणार

चौथ्या दिवशी पहाटे सासऱ्यांनी गावातली एक रिक्षा ठरवली आणि आम्ही लोणारला गेलो. आकाशातून दगड पडून झालेला तो भलामोठा खड्डा आणि तळाशी हिरवट पाण्याचं सरोवर. रेवती काठाशी जायला बघत होती आणि मी तिचा फ्रॉक मागून मुठीत धरून उभा. मला उंचीची भीती आहे. ती मी तिला दिलेली नाही, हे त्या सकाळी कळलं. एवढा मोठा खड्डा पडायला किती वेळ लागला, असं तिनं आजोबांना विचारलं. त्यांनी चुटकी वाजवली.

नऊच्या सुमाराला मी तिला सायीचा डबा दिला. दोन घास खाऊन ती म्हणाली, आंबट लागतंय. मी चाखून पाहिली. थोडी आंबूस होती. तिच्या पथ्यात एक घास कमी झाला तर सगळा हिशेब चुकतो, ही भीती मला पक्की बसलेली. त्यामुळे मी तिला म्हटलं, खा बाळा, संपव. तिनं मुकाट्यानं संपवली. ती चूक माझी, आणि या लिखाणात ती कुठे लपवावी असं मला दोनदा वाटून गेलं आहे.

परतीच्या वाटेवर तिला उलटी झाली. घरी पोचल्यावर आणखी दोनदा. नंतर पाणीही राहीना. साडेअकराला ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली ती बोलेनाशी झाली. गाल लाल झाले होते आणि श्वास धावून आल्यासारखा चालला होता. मी तिच्या डोळ्यांकडे बघत बसलो. ते एका बाजूला कधी फिरतात याची वाट बघत होतो, कारण मला माहीत असलेलं संकट तेवढंच होतं. सासरे मेहकरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बघायला बाहेर पडले.

मी तिच्या बोटाला टोचलं. यंत्रावर अडतीस आकडा आला. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. साखर कमी, म्हणजे कोणी काही खाऊ घातलेलं नाही. मग लघवीची पट्टी पाहिली, रोज ती जांभळी होते, आज काळी पडली होती. आणि तिला हाक मारली तर तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता मिटले. 

घरात फोन लागत नाही, गच्चीवर लागतो. मी अनवाणीच वर गेलो. फरशी एवढी तापली होती की एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मी रेवतीचं पथ्य ठरवणाऱ्या आहारतज्ज्ञ मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, गिळते आहे का. मी म्हटलं, थेंब थेंब गिळते. त्या म्हणाल्या, "पोटात काही नाही म्हणून शरीर नुसती चरबी जाळत सुटलंय, ते फार पुढे गेलंय. रक्तातली साखर तळाला गेली आहे. एक चमचा साखर थोड्या पाण्यात विरघळवा आणि आत्ता द्या. मग दवाखाना."

"साखर?" मी विचारलं.

"साखर."

"मॅडम, नक्की साखरच ना? एकदा दिली होती तेव्हा—"

"तुमच्याकडच्या पत्राच्या मागे लिहिलंय. वेळ घालवू नका."

मी जिना उतरलो तो केकचे दोन घास डोळ्यांपुढे घेऊनच. त्यांचं म्हणणं चुकलं तर? दिली आणि झटका आला तर? न देता ती अशीच विझत गेली तर? दोन्हीकडे भीतीच होती. आणि मग लक्षात आलं की हा विचार करून उपयोगच नाही, कारण घरात साखरेचा एक कण नाही. आईंच्या भावाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी शेजारच्या घरात शिरलो. तिथल्या काकू चुलीपाशी होत्या. मी साखर मागितली. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोणासाठी विचारलं. मी म्हटलं, रेवतीसाठी. त्यांनी पदरानं डबा झाकला.

मी दुकानाकडे पळालो. बबनभाऊ गल्ल्यामागे पेंगत होते. मी म्हटलं, पाव किलो साखर, लवकर. ते उठले, मापही उचललं, तेवढ्यात मी म्हटलं, रेवूला द्यायची आहे. माप पुन्हा पोत्यावर ठेवून ते हात जोडून म्हणाले, "जावईबापू, दुसरं काय पाह्यजे थे न्या. बाईनं गळ्याची शप्पत घातली मले. माया हातून नाई होत."

मी त्यांना डॉक्टर, फोन, आकडा, सगळं एका दमात सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले, पण हात पुढे येईना. "तुमी घाबरून गेले," ते म्हणाले. "घाबरला माणूस भलतंच करते. तुमच्याच पोट्टीसाठी नाई म्हणून राह्यलो." मी पोत्यात हात घालायला वाकलो तर त्यांनी माझा हात धरला. जोर मोठा होता त्यांचा. दोन-तीन दिवसांपूर्वी ज्या गोष्टीनं मला मोकळा श्वास दिला होता, ती अशी पोत्यावर हात ठेवून उभी होती आणि घरी माझी मुलगी विझत चालली होती. मी त्या बिचाऱ्या माणसाला वाटेल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "बाईले सुटली म्हणू द्या," एवढंच तो म्हणत राहिला.

मी दुकानातून बाहेर येऊन गल्लीतच उभा राहून ओरडलो, आई, शपथ सोडा. दोनदा ओरडलो. भर दुपारी, सासुरवाडीच्या गल्लीत, जावई माणूस, अनवाणी. दारं उघडली. आई ओट्यावर आल्या. रेवती त्यांच्या खांद्यावर होती आणि तिचे हात खाली लोंबत होते. मी काय सांगतोय ते त्यांना अर्धंच ऐकू आलं असावं. साखर हा शब्द मात्र पोचला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ज्यांनी बारा घरं फिरून एक गोष्ट बांधून घेतली होती, त्यांना ती जावयाच्या एका ओरडण्यावर उकलायची होती. जर मी चुकत असेन तर काय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, कारण माझ्या तोंडावरही तेच होतं.

"तुमाले पक्कं माईत हाय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. पक्कं मला काहीच माहीत नव्हतं.

त्यांनी रेवतीचं डोकं आपल्या मानेशी दाबून धरलं आणि दुकानाच्या दिशेनं आवाज दिला, "सुटली रे बबन. शप्पत सुटली. दे लवकर."

बबनभाऊ स्वतः पळत आले, ओंजळीत साखर घेऊन, वाटेत सांडत. शेजारच्या काकू वाटीत पाणी घेऊन आल्या. माझा हात सवयीनं काट्याकडे गेला. मी काटा सुरू करून त्यावर वाटी ठेवायला निघालो तेव्हा आईंनी तो बाजूला सारला आणि चमचा माझ्या हातात दिला.  "तुमीच द्या," त्या म्हणाल्या. "मायानं नाई होत."

मी साखरेचं पाणी थेंब थेंब तिच्या गालात सोडलं. तिनं गिळलं. पुन्हा सोडलं. ओट्याखाली दहा-बारा माणसं उभी होती. सगळ्यांनी मिळून जे तिच्यापासून लांब ठेवलं होतं, ते सगळ्यांदेखत मी तिला पाजत होतो. मी तिचे डोळे बघत होतो. पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो हे ज्यानं तो असा मोजला आहे त्यालाच कळेल. श्वास आधी मंदावला. मग गालांची लाली उतरली. मग तिनं ओठ चाटले, डोळे उघडले आणि मला म्हणाली, "बाबा, हे गोड आहे." आवाजात भीती होती. मी तिच्याशी काहीतरी भयंकर करतोय असं तिला वाटलं असणार. मी म्हटलं, आज चालतं, मॅडमनी सांगितलंय. तिनं आजीकडे वळून खात्री करून घेतली.

आकडा सत्तावन्नवर आला तेवढ्यात सासरे गाडी घेऊन पोचले. मेहकरच्या डॉक्टरांना मी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, उलटवून मागचं पान वाचलं आणि मला विचारलं की हे तुम्ही वाचलेलं नाही का. मी म्हटलं, नाही. त्यांनी ग्लुकोजची बाटली न लावता साधं सलाईन लावलं आणि दर तासाला बोट टोचत संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. झटका आला नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. ती सकाळ मी तिच्या पापण्या बघत काढली. पलीकडे आई बसल्या होत्या, त्याही तेच करत होत्या.

परत

वैशाली आली. मी तिला सगळं सांगितलं, आंबूस सायीसकट. केकचंही तेव्हाच सांगितलं, दीड वर्षं राहिलं होतं ते.  मग तिनं पत्राचं मागचं पान मला मोठ्यानं वाचायला लावलं, तीनदा, शाळेत लावतात तसं.

धोंड्याचं जेवण तिखटच झालं. डाळीचं सारण भरलेले धोंडे, वर तूप, ठेचा आणि ज्वारीची भाकरी. रेवतीसाठी आईंनी पनीर आणि खोबऱ्याचे इवलेसे दोन धोंडे केले होते, काट्यावर मोजून. साधं चुलीवरचं तूप आणि काटा यांचं जमवायला त्या वैशालीकडून सकाळभर शिकत होत्या. बबनभाऊंना मी जेवायला बोलावलं आणि बोललो त्याची माफी मागितली. ते म्हणाले, काऊन माफी, मीच देवाले विचारून राह्यलो होतो का देऊ का नको देऊ, त्यानं पण काई सांगितलं नाई.

निघताना इथे हातावर साखर ठेवायची पद्धत आहे. रेवतीच्या हातावर आईंनी लोण्याचा गोळा ठेवला. मग भावाकडून परत आणलेली देवघरातली खडीसाखरेची डबी त्यांनी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी माझी मूठ वरून मिटली.

"हे संग ठेवा," त्या म्हणाल्या. "आन देऊ नका. माया गळ्याची शप्पत."

मी विचारलं, दोन्ही कसं पाळायचं?

"हाव," त्या होकाराची मान हलवत म्हणाल्या. "दोन्ही."

नाशिकला येऊन दीड महिना झाला. डबी काट्याशेजारी असते. रेवतीला घेऊन घराबाहेर पडायचं असलं की मी पिशवीत आधी काटा चाचपतो, मग डबी, मग पत्राचं मागचं पान. दर रविवारी बीबीहून फोन येतो. आई नातीची चौकशी करतात, डबी जागेवर आहे का विचारतात, आणि सुटली म्हणायचं नाव काढत नाहीत.